उज्जैन: देवास रोडवरचा ड्राइव्ह-इन आणि हनीफभाईचं घर

उज्जैनला लोक महाकालाच्या दर्शनाला जातात. आम्ही नवरा-बायको या थंडीत गेलो ते हनीफभाईच्या घरी बसायला. 'बसायला जाणं' म्हणजे दुखवट्याला जाणं. उज्जैनच्या मराठीत असंच म्हणतात. जन्म तिथला आणि निम्म्याहून जास्त आयुष्यही तिथेच गेलेलं, त्यामुळे पुण्यात इतकी वर्षं राहूनही माझी भाषा काही पुणेरी झाली नाही.

झालं असं. आमच्या जुन्या उज्जैनकरांच्या मोबाइल ग्रुपवर एका सकाळी निरोप आला, 'हनीफभाई ऑपरेटर नहीं रहे.' खाली हात जोडलेली चित्रं सुरू झाली. सिनेमाचं मशीन चालवणाऱ्याला आमच्या गावात ऑपरेटर म्हणतात. मी ऑपरेटर, हनीफभाई ऑपरेटर, एकाच खोलीत दोन मशीनवर दोघं. मी लगेच फोन लावला. बंद. दुपारी लावला, बंद. ग्रुपवरच्या एकाला विचारलं तर तो म्हणाला, "सुना तो मैंने भी है, भिया."

सुनंदा, माझी बायको, भाजी निवडत होती. ती म्हणाली, "फोनवर काय सांत्वन करणार? हनीफभाईच्या नसीमभाभींनी आपल्या दोन्ही मुलांच्या वेळी मला डब्बे पाठवलेत. जाऊन येऊ."

तिकिटं काढली. जाणाऱ्यांसाठी सांगतो, पुण्याहून दुपारी निघणारी इंदूरची गाडी वसई, बडोदा, रतलाम करत सकाळी उज्जैनला उतरवते. थंडीत रतलामनंतर खिडकीतून गार वारा येतो, शाल वरच ठेवा. शनिवार ते सोमवार शक्यतो टाळा. मंदिराचा परिसर मोठा झाल्यापासून त्या दिवसांत लॉजवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. आम्ही मंगळवारी पोचलो.

गाडीत मला एकच चिंता. "भाभींना काय म्हणायचं?"

"काही म्हणू नका," सुनंदा म्हणाली. "नुसतं सांगा, की त्यांच्यामुळे आमचे दिवस चांगले गेले."

खरंच गेले. देवास गेटजवळच्या एका टॉकीजमध्ये आम्ही दोघं पोरसवदा असताना लागलो. मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळायच्या आणि त्यांच्या ठिणगीच्या उजेडावर पडद्यावरची सगळी दुनिया चालायची. कांड्या जळून आखूड झाल्या की त्या सारख्या पुढे सरकवायच्या, नाहीतर चित्र पिवळं पडतं आणि खालून शिट्ट्या येतात. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका चमकून जातो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. प्रेक्षकाला कळता कामा नये. मी पहिलं मशीन बंद करायचो, हनीफभाई दुसरं सुरू करायचा, आणि वर्षानुवर्षं आम्ही हे एकमेकांकडे न बघता केलं. उन्हाळ्यात त्या खोलीत बनियनसुद्धा नको व्हायचा. तरी ते काम मला आवडायचं.

मग आमच्या शेठनी ड्राइव्ह-इन काढला. ते अहमदाबादला एका लग्नाला गेले होते आणि तिथे मोटारीत बसून सिनेमा बघून आले. देवास रोडवर त्यांची जमीन पडीक होती. तिथे पांढरी भिंत उभी राहिली, खांबांवर स्पीकर आले आणि मशीनसाठी एक पक्की खोली बांधली. फक्त एकच गोष्ट शेठनी हिशेबात धरली नव्हती. तेव्हा उज्जैनमध्ये मोटारी होत्या कुठे? लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आले. टांगे आले, बैलगाड्या आल्या, खाटा आल्या. तिकीट गाडीमागे होतं, तर एकेका ट्रॉलीतून अख्खं गाव उतरलं! शेठ फाटकावर डोकं धरून बसले. दुसऱ्या दिवसापासून तिकीट माणशी झालं.

एकदा पडद्यावर घोड्यांची दौड सुरू झाली. टापांचा आवाज शिंगाजवळच्या स्पीकरमधून आला तशी एक बैलजोडी बिथरली आणि गाडी, स्पीकर, खांब सगळं घेऊन शेतातून पसार झाली. आम्ही खिडकीतून बघत होतो. हनीफभाई इतका हसला की कार्बन सरकवायचा विसरला, पडदा काळा पडला आणि लोकांना वाटलं हाही सिनेमाचाच भाग आहे.

हे सगळं मी गाडीत सुनंदाला पुन्हा सांगितलं. तिने हे शेकडो वेळा ऐकलंय. या वेळी तिने मध्ये टोकलं नाही.

सकाळी स्टेशनबाहेर पडलं की समोरच देवास गेट. बसस्टँडमागच्या गल्लीत स्वच्छ लॉज मिळतं, फक्त गरम पाणी येतं का हे खोली घेण्याआधी नळ सोडून बघा. पोहे-जिलबी खायला मन नव्हतं, पण सुनंदा म्हणाली, "रिकाम्या पोटी रडायला जाऊ नये," म्हणून खाल्ली. पोह्यांवर भरपूर शेव आणि जिरावण मसाला. चव तीच होती, आणि ती तीच आहे याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं.

हनीफभाईच्या भैरवगढला ऑटोवाला दोनशे म्हणाला, दीडशेत तयार झाला. कालभैरवाच्या भाविकांमुळे त्या रस्त्यावर ऑटो सारख्या मिळतात. भैरवगढ म्हणजे छिप्यांची वस्ती, घरोघरी कापडावर ठसे मारून चादरी छापतात. हनीफभाईचं खानदानही त्यातलंच. टॉकीज बंद पडल्यावर मी एका गोदामात हिशेबनीस झालो आणि पुढे मुलाकडे पुण्याला आलो; तो बापजाद्यांच्या ठशांकडे परतला.

गल्लीत वाळत घातलेल्या लाल-काळ्या चादरींखालून वाकून जावं लागत होतं. घर मला आठवत होतं, पण घरासमोर माणसं नव्हती, सतरंजी नव्हती. आतून रंगाच्या कढईखालच्या लाकडांचा धूर येत होता आणि कुणीतरी मोबाइलवर क्रिकेटची कॉमेंट्री लावलेली होती. सुनंदाने डोक्यावरून पदर घेतला. मी घसा साफ केला आणि कडी वाजवली.

दार हनीफभाईने उघडलं.

कोपरापर्यंत लाल हात, कपाळावर चष्मा. तो एकदा माझ्याकडे, एकदा सुनंदाच्या पांढरट साडीकडे बघत राहिला.

"भाऊ?" तो घाबरून म्हणाला. "क्या हुआ? घर में सब खैरियत? बच्चे ठीक हैं?"

आमच्याकडेच कुणीतरी गेलं असं त्याला वाटलं! मी त्याला मिठी मारली. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल पंजे उमटले ते मला नंतर दिसले. सुनंदा तिथेच उंबऱ्यावर मटकन बसली आणि रडायला लागली. आतून नसीमभाभी धावत आल्या आणि काही माहीत नसताना तिच्या बरोबरीने रडू लागल्या. हनीफभाई ओरडला, "अरे कोई बताओ तो, मरा कौन है?"

"तू!" मी म्हणालो.

मग एकदाचा उलगडा झाला. गेले ते दुसरे हनीफभाई. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात पंपावर होते, म्हणून तेही ऑपरेटर. दोघांची ओळख होती, हा त्यांच्या दफनविधीलाही जाऊन आला होता. "वहाँ भी दो-तीन लोग मुझे देख के ठिठक गए थे," तो म्हणाला. "मैं समझा, मेरी नई दाढ़ी की वजह से."

"आणि फोन? फोन का बंद तुझा?"

फोन रंगाच्या कढईत पडला होता. नवं सिम घ्यायला गेला तर दुकानदाराच्या मशीनने अंगठाच ओळखला नाही. आधी तापलेल्या कार्बनने आणि नंतर चादरी रंगवायच्या सोड्या-तुरटीने बोटं पार गुळगुळीत झालेली. "दो बार गया, दोनों बार मना. मशीन के हिसाब से तो मैं हूँ ही नहीं, भाऊ. तूने कौन सा गलत सुना!"

त्या दुपारी जेवायला दाल-बाफले होते, वरणासोबत तुपात बुडवलेले कणकेचे भाजके गोळे. मी किती खाल्ले ते सुनंदाने इथे लिहू नका म्हणून बजावलंय. जेवताना मधूनच माझी नजर हनीफभाईकडे जायची. तो घास घ्यायचा, बायकोला तूप आण म्हणायचा, आणि मला पुन्हा हसू फुटायचं. छातीवर कुणी ठेवलेला दगड उचलून नेल्यासारखं वाटत होतं. नसीमभाभी मात्र नवऱ्यावर उखडल्या होत्या. "रोज़ कहती थी, मेरे नाम से सिम ले लो. अब लोग बैठने आने लगे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी भाभींच्या नावावर सिम घेतलं, मग आम्ही चौघं ऑटोने देवास रोडला गेलो. आमच्या ड्राइव्ह-इनच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. तिकडे त्याला गार्डन म्हणतात. भिंत अजून उभी आहे. वर गुलाबी रंग, मोठमोठी प्लास्टिकची फुलं, आणि तिच्यासमोर वर-वधूच्या खुर्च्यांचा चौथरा. मशीनची खोली आचाऱ्यांना दिलीय. ज्या भोकातून उजेड बाहेर पडायचा तिथे धूर काढायचा पंखा बसवलाय.

मला वाटलं होतं, बघून त्रास होईल. हनीफभाई खोलीत शिरला, मसाल्याचा वास घेतला आणि म्हणाला, "चलो, यहाँ की गर्मी किसी के काम तो आई."

तिथे उभं असताना त्याने मला एका संध्याकाळची आठवण करून दिली. कधी कधी एकच प्रिंट दोन ठिकाणी चालायची. टॉकीजमध्ये एक रीळ संपलं की हनीफभाई ते मोटरसायकलवर टाकून इकडे आणायचा. त्या दिवशी तो आलाच नाही. माझ्या मशीनवरचं रीळ संपलं, पडदा पांढरा झाला, ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवू लागले. शेठ खाली शिव्या देत होते, आणि मी जिन्यात उभा राहून रस्त्याकडे बघत होतो. शेवटी तो चालत आला. नाक्यावर घसरून पडला होता, गुडघा फुटलेला, विजार फाटलेली, आणि रिळाचा डबा पोटाशी धरलेला.

"डब्बे को कुछ नहीं हुआ, यह मैंने आते ही बोला," तो म्हणाला, "और तूने डब्बा फेंक दिया था बाजू में. याद है?"

मला आठवत नव्हतं. मला फक्त भोंगे आठवत होते.

"पहले मेरा घुटना देखा तूने. शेठ चिल्लाता रहा." सुनंदा आणि नसीमभाभी त्या गुलाबी भिंतीसमोर वर-वधूच्या खुर्च्यांवर बसून गप्पा मारत होत्या.

परतताना सुनंदाच म्हणाली, "त्या दुसऱ्या हनीफभाईंच्या घरी जायला हवं."

मला संकोच वाटला. आम्ही त्यांना ओळखत नाही, आणि काल दिवसभर ते आपले हनीफभाई नव्हेत म्हणून हसत होतो. पण ती ऐकेना, आणि आमच्या हनीफभाईलाही ते पटलं.

घर छोटं होतं. त्यांच्या पत्नी इद्दतमध्ये, म्हणजे नवऱ्यामागे घरात बसायच्या दिवसांत, म्हणून आत होत्या. सुनंदा आणि नसीमभाभी पडद्याआड गेल्या, आम्ही बाहेर त्यांच्या मुलाजवळ बसलो. चाळिशीचा माणूस, शाळेत शिक्षक. त्याने पाणी दिलं आणि विचारलं, "आप पूना से आए हैं? अब्बा के लिए?"

हनीफभाईने मान खाली घातली. खरं तर आम्ही निघालो होतो ते आमच्या हनीफसाठी. पण बातमी त्यांचीच होती, आणि ती ऐकूनच आम्ही घराबाहेर पडलो होतो.

"हाँ," मी म्हणालो. "उन्हीं की खबर सुनके निकले थे."

त्याचे डोळे भरून आले. इतक्या लांबून कुणी येईल असं त्याला वाटलं नव्हतं. अब्बा कुठल्या टाकीवर होते, पहाटे किती लवकर उठून जायचे, हे तो सांगत राहिला. फ्रीगंजच्या बाजूचा वॉल्व्ह तेच सोडायचे, असं तो म्हणाला आणि मी सरळ बसलो. आमचं घर फ्रीगंजातच होतं. तेवढ्यात पडद्याआडून सुनंदाचा आवाज आला. तिला आत हेच सांगितलं गेलं असणार. आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत ती म्हणत होती, "हमारे नल में सुबह का पानी वो ही छोड़ते थे, भाभी. बरसों पिया हमने. उनकी वजह से हमारे दिन अच्छे गए."

आत कुणीतरी हुंदका दिला. मुलगा उठून दारापाशी जाऊन उभा राहिला.

रात्रीच्या गाडीआधी हनीफभाईने स्टेशनबाहेर गराडू खाऊ घातले. हिवाळ्यात मिळणारा हा कंद तळून, लिंबू-मसाला मारून देतात. थंडीत उज्जैनला गेलात तर चुकवू नका. महाकालाचं दर्शन राहिलं, असं मी हनीफभाईला म्हणालो. त्याने मुंडी हलवली. "अगली बार लाइन में मैं लगूँगा तेरे लिए. बस पहले फोन कर लेना, मैं हूँ कि नहीं."

पुण्याला येऊन आता आठवडा झाला. ग्रुपवर मी खरं काय ते लिहिलं. लगेच 'शुक्र है', 'जान में जान आई' असे निरोप धडाधड येऊ लागले. मलाही तसंच वाटतंय, अजूनही. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तेच आठवतं, की हनीफ आहे, आणि मग चहा जास्त गोड लागतो. पण ते निरोप वाचताना मला त्या शिक्षकाचा चेहरा दिसला. म्हणून मी खाली आणखी लिहिलं, की पाणीपुरवठ्याचे हनीफभाई मात्र खरंच गेले. फ्रीगंजात राहणाऱ्या सगळ्यांना ते रोज पहाटे पाणी देत होते, आणि कुणाला जायचं असेल तर घर मी सांगतो.

मग एकाने पत्ता विचारला. संध्याकाळपर्यंत आणखी तिघांनी.