जिन्यावरचं कपाट

अंबाड्यात तांबडी पेन्सिल खोचायची आणि घरभर तीच शोधत फिरायची. पाहुणा बोलू लागला की त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायचं. पार्सलाचा डिंक वाळेपर्यंत वर थंड इस्त्री ठेवायची. कादंबरीतलं कुणी मेलं की फ्रीज घासायचा. आणि कपडे वाळत घालताना पात्रांची भांडणं मोठ्यानं बोलून बघायची, जाड आवाज नवऱ्याचा, बारीक बायकोचा.

बाईंच्या या शेवटच्या सवयीनं घोटाळा केला.

इमारतीत त्यांना सगळे लेखिकाबाई म्हणत. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. पाच कादंबऱ्या त्यांनी स्वतःच छापून काढल्या होत्या. पहिलीच्या वेळी प्रकाशक 'कळवतो' म्हणाले होते, ते अजून कळवतायत. तेव्हापासून लिहायचं त्यांनी, प्रूफं वाचायची त्यांनी, मुखपृष्ठासाठी चित्रकाराशी वाद घालायचा त्यांनी. पार्सलं टपालात टाकायचं काम नवरोबांचं. ते चष्म्याच्या दुकानातून निवृत्त झालेले, बारीक नंबर लिहून हात बसलेला, त्यामुळे पत्ते मोत्यासारखे लिहीत. जेवायचं टेबल अर्धं ताटांचं, अर्धं पार्सलांचं. मधली हद्द रोज सरकायची आणि दर वेळी माघार ताटांनीच घ्यायची.

सहावी कादंबरी मात्र अडली होती. नायिका चौदाव्या प्रकरणात घर सोडून जात होती. गेली ती झोकात गेली. शेवटच्या प्रकरणात तिनं परत यायचं होतं, ती काही येईना. बाईंनी तिला आजारी नवरा दाखवला, रडणारं मूल दाखवलं, धो धो पाऊस पाडला. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. इकडे वाचक 'सहावी कधी?' म्हणून फोन करून विचारत होते, आणि छापखानेवाल्यानं बजावलं होतं, "शुक्रवारी मजकूर हातात हवा. नाहीतर मी शाळांच्या डायऱ्या घेणार यंत्रावर. मग तुमची नायिका येऊ दे उन्हाळ्याच्या सुट्टीत."

सोमवारी गॅलरीत चादर झटकता झटकता बाई ओरडल्या, "चालले मी! पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही!" मग आवाज जाड करून, "जा! अडवलंय कुणी?"

खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या चहाचा घोट तोंडातच राहिला.

भिंतीला कान असतात, गॅलरीला तर भिंतीही नसतात. संध्याकाळी नवरोबा साबण आणायला गेले, तर किराणावाल्यानं त्यांचा हात हातात घेतला. "काका, जरा पडतं घ्या. बायकोपुढे कुणाचं चाललंय?" नवरोबांना वाटलं, साबण महागला असावा.

बुधवारी सकाळी वन्सं दारात. बाईंची थोरली नणंद. हातात बॅग, चेहऱ्यावर बारा वाजलेले. भाऊ टपाल कचेरीत गेलाय हे कळताच त्यांनी दार लोटून घेतलं.

"बस इथं. मी काही विचारणार नाही. मी सांगते ते ऐक."

"वन्सं, पण झालंय काय?"

"कळलंय मला सगळं. तुमच्या खालच्या शिक्षिकाबाईंचा फोन आला होता. अगं, मीही एकदा घर सोडलं होतं. कुणाला ठाऊक नाही. आईलासुद्धा नाही."

मटार सोलणारा बाईंचा हात थांबला.

लग्नाला चार वर्षं झाली असतील तेव्हा. भांडण कशावरून झालं ते वन्संना आता आठवत नव्हतं. मैत्रिणीकडे आठवडा काढला, मग शिलाई मशीन न्यायला त्या घरी गेल्या, कारण पुढं पोट त्यावरच भरायचं होतं. मशीन म्हणजे लोखंडी पायांचं धूड. एकटीला हलेना. नवरा मुकाट्यानं उठला आणि त्यानं दुसरी बाजू उचलली.

"जिन्यात बोलावं तर लागतंच ना? 'भिंतीकडे घे.' 'पायरी बघ.' 'जरा टेकव, हात भरून आला.' आठवडाभर एक शब्द नव्हता, आणि तीन मजले उतरेपर्यंत बोल बोल बोललो. खाली आलो तर मशीन रिक्षात मावेना."

"मग?"

"मग काय! नेलं परत वर. वर नेल्यावर पुन्हा खाली कोण आणणार?"

बाई उठल्या. पेन्सिल त्या दिवशी शोधावी लागली नाही. प्रूफाच्या कोऱ्या पाठीवर त्या भराभर लिहू लागल्या.

"मी जीव तोडून सांगतेय आणि तू लिहितेस काय?"

"वन्सं, आमचं भांडण झालेलंच नाही. ते कादंबरीतलं होतं."

वन्संनी आधी पाणी मागितलं. "म्हणजे इतक्या वर्षांचं गुपित मी तुझ्या कादंबरीपायी सांडलं?"

"तुम्ही नको म्हणालात तर एक अक्षर लिहिणार नाही," बाई म्हणाल्या. शुक्रवार परवावर होता.

वन्संनी मटारांचं ताट पुढ्यात ओढलं. "परत येते ना ती?"

"आता येईल."

"मग लिही. पण मशीन नको. माझं मशीन सगळं घराणं ओळखतं."

"कपाट चालेल?"

"चालेल. पण उचललंयस का कधी? नाहीतर लिहिशील आपलं काहीतरी."

नवरोबा परतले तेव्हा पुस्तकांचं कपाट रिकामं होऊन दाराशी उभं होतं.

"धरा," बाई म्हणाल्या.

"कुठं न्यायचंय?"

"खाली. मग वर."

त्यांच्या संसारात अशा उत्तरावर पुढचा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. त्यांनी धरलं.

"अहो, डावीकडे घ्या."

"माझी डावी की तुझी?"

"भिंतीची!"

"तसं सांग ना मग. बोट चेंगरलं माझं."

"बघू, दाखवा."

"दाखवायला हात कुठं मोकळा आहे?"

वळणावर बाई थबकल्या. "काय म्हणालात?"

"म्हटलं, हात कुठं..."

"थांबा. तसेच थांबा!" आपली बाजू पायरीवर टेकवून त्या लिहून घ्यायला वर पळाल्या.

खालचं दार उघडलं. शिक्षिकाबाईंनी कपाट पाहिलं, घामाघूम नवरोबा पाहिले, आणि डोळ्यांना पदर लावला. "म्हणजे निघाल्याच शेवटी?"

"निघाली कुठली?" वरून वन्सं ओरडल्या. "परत आली! आत्ताच आली!"

शुक्रवारी मजकूर छापखान्यात पोचला. डायऱ्या आठवडाभर मागे पडल्या.

कपाट अजून वळणावरच आहे. शिक्षिकाबाई त्यात छत्री ठेवतात. "आज नेऊया का वर?" नवरोबा मधूनमधून विचारतात.

"नेऊ हो," बाई म्हणतात, "सातवीचं पहिलं प्रकरण तेवढं होऊ दे."