धनुष्कोडीची बोट

नागपूरच्या दीक्षेनंतर एका हिवाळ्यात आमच्या ओळखीच्या भन्तेजींनी सिलोनची यात्रा काढली. अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहायचा, विहारांतून फिरायचं आणि परत यायचं. आमच्या घरातून खरं तर जायचं होतं माझ्या बाला. पण हिवाळा म्हणजे जिनिंगचा, कापसातून सरकी काढायचा हंगाम. देवळीच्या रस्त्यावर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागलेली असताना जिनातल्या माणसाला सुट्टी कोण देणार? एका संध्याकाळी तो कामावरून आला, भुवयांना रुई तशीच चिकटलेली, आणि मायला म्हणाला, "तू जाय. पोरीले संग घेऊन जाय."

"मी? मले तं वर्धेच्या पल्याड काई ठाऊक नाई."

"पोरगी शिकलेली हाय. पाट्या वाचत वाचत जासान तुमी."

मी तेव्हा सातवीची फायनल पास होऊन मास्तरणीच्या ट्रेनिंगची वाट पाहत होते. मायनं ज्वारीच्या दशम्या केल्या, जवसाची चटणी कुटली, आणि वर्धा स्टेशनवर आम्ही मद्रासच्या गाडीत चढलो. बल्लारशा मागे पडलं तशी दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बदलली आणि माझं शिक्षण तिथंच संपलं.

"वाच ना," माय म्हणाली.

"मले नाई येत हे."

"मंग इतके दिवस शाळेत काय करून राह्यली होती?"

डब्यातली सगळी मंडळी हसली. भन्तेजीही हसले.

मद्रासला गाडी बदलून आम्ही आणखी दक्षिणेकडे निघालो. भातशेती, ताडाची झाडं, मग नुसती वाळू. आणि एकाएकी गाडीचा आवाज पोकळ झाला. खिडकीतून पाहिलं तर दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. आम्ही पांबनच्या पुलावर होतो. मायनं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं. तिला पाणी म्हणजे आमच्या यशोदा नदीचा पूर तेवढा माहीत.

"भन्तेजी, पूर आला काय वो?"

"पूर नाही माय, हाच समुद्र."

ती बराच वेळ बघत राहिली. "मंग हे उतरत नाई कधी?"

धनुष्कोडीला रूळ थेट धक्क्यापर्यंत गेले होते. वारा इतका, की डोक्यावरचा पदर दातात धरावा लागे. तिथं आमचे कागद पाहिले, दंडावरचे देवीच्या लशीचे व्रण पाहिले, आणि आम्हाला बोटीत सोडलं. आमच्यासोबत चहाच्या मळ्यांवर परत निघालेली तमिळ कुटुंबं होती. डेकवर आम्ही सगळे एकाच सावलीत दाटीवाटीनं बसलो.

किनारा दूर गेला आणि मला ओकाऱ्या सुरू झाल्या. मी कठड्यापाशी वाकले ती वाकूनच राहिले. मायला मात्र काही झालं नाही. तिनं माझं कपाळ धरलं. शेजारच्या तमिळ बाईनं कमरेच्या पिशवीतून लिंबू काढलं, नखानं टोचलं आणि माझ्या नाकाशी धरलं. तिची भाषा आम्हाला कळत नव्हती, आमची तिला नाही. मायनं तिच्या हातावर दशमी ठेवली, वर चटणी. चटणी खाऊन ती बाई काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

मग माय माझ्यासाठी पाणी आणायला गेली. बोटीचा एक खलाशी पिंपातून पाणी देत होता. मी कठड्याला टेकून पाहत होते. माय त्याच्यासमोर गेली, जन्माच्या सवयीनं खाली बसली आणि तिनं ओंजळ पुढे केली. आमच्या लहानपणापासून विहिरीवर ती तशीच बसे, कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत.

खलाशी गोंधळला. त्यानं तिच्या ओंजळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बाईपाशी भांडं नाही असं त्याला वाटलं असावं. त्यानं पिंपावरचा पितळी पेला बुडवून भरला, तिला दंडाला धरून उठवलं, पेला तिच्या हातात दिला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

माय पेला घेऊन हळूहळू आली. माझ्यापर्यंत येईस्तोवर तो अर्धा रिकामा होता.

"सांडलं काय?" मी विचारलं.

"नाई. पेली मी." पेला माझ्या हातात देत म्हणाली, "तोंड लावून पेली. त्यानं काईच म्हटलं नाई."

मी उरलेलं पाणी प्याले. कोमट होतं, पिंपाचा वास येत होता. पेला परत करायला ती पुन्हा गेली तेव्हा ताठ चालत गेली, आणि आणखी एक भरून घेऊन तिथंच उभ्यानं प्याली.

तलाईमन्नारचा धक्का दिसू लागला तसे भन्तेजी त्रिशरण म्हणू लागले. आमच्या लोकांनी साथ धरली. आम्ही उतरलो तेव्हा धक्क्यावरच्या एका सिंहली म्हातारीनं भन्तेजींना पाहून जमिनीवर डोकं टेकलं, मग उठून आमच्याकडे पाहून हात जोडले. मायनंही जोडले.

बोधिवृक्ष पाहिला, विहार पाहिले. पण गावी परतल्यावर कापूस वेचताना बाया विचारत तेव्हा माय बोटीचंच सांगे. वर्षानुवर्षं सांगत राहिली. तिच्या सांगण्यात लाटा घराएवढ्या झाल्या, माझं ओकणं तर दिवसभराचं झालं. बा ओसरीवर बसून ऐके. त्याला कधी जायला मिळालं नाही. पण मायकडून एखादी गोष्ट राहिली की तोच मधे बोले, "अन् लिंबू? लिंबू सांग ना वो."