हिरवं कार्ड, तांबडं कार्ड

माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाला आमच्या घरात गोळी सुटली. कुणी मेलं नाही. जी जायची होती ती वर्षाआधीच गेली होती.

हे सांगायचं कारण म्हणजे संतपूरच्या बाजारात जो तो आपापल्या मनानं सांगायलाय. एकजण म्हणतो बंदूक होती. दुसरा म्हणतो, मेहुण्याशी भांडण झालं. बंदूक नव्हती. भांडण होतं, पण ते नेहमीचं. गोळी सुटली ती कार्डातून!

कार्ड म्हणजे रेशनचं नव्हे. (मीही आधी तेच समजलो होतो. चौथीत मास्तरांनी मला सोडलं आणि मी मास्तरांना, तेव्हा माफी असावी.) कॉम्प्युटरच्या पोटात वीतभर लांब पाटी बसवतात, तिच्यावर गोचिडांसारखे काळे ठिपके चिकटलेले. ती बसवली की मुका कॉम्प्युटर गायला लागतो. तिला साउंड कार्ड म्हणतात. आताच्या फोनात म्हणे ते तांदळाच्या दाण्याएवढं असतं. आमच्याकडचं जुन्या काळचं, धष्टपुष्ट.

आमचा पोरगा बालाजी लग्नाआधी भालकीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. क्लास चालला नाही. बंद करताना एक कॉम्प्युटर घरी आला. मी म्हणलं, "ह्याला वैरण काय घालायची?" पण माझी बायको गोदा त्याच्यापुढं मांडी घालून बसली. ती बायांच्या भजनी मंडळात गायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाणी स्वतः जुळवायची. तिच्या एका गाण्याला बालाजीनं त्या कॉम्प्युटरवर साज चढवला. पेटी, घंटी, ढोल, सगळं घरच्या घरी, आणि वाजवणारा एकही माणूस नाही. (म्हणजे कुणाला चहा द्यायचा नाही. मला ते पटलं.)

वाद्यं निवडली गोदानं. कॉम्प्युटरात वाद्यांची लांबलचक रांग असते, प्रत्येकाला नंबर. बालाजी वरून सुरुवात करायला गेला तर ही म्हणाली, "वरचं कामून घ्यायलास? वरचं समदेच घेतात. खालून बघ. तळाला कुणी हात न लावलेलं असतंय." मग पेटी तेवढी वरची घेतली, बाकीचं सगळं तळातून. हे ध्यानात ठेवा.

गेल्या साली तुरीच्या राशीच्या दिवसांत गोदा गेली. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. घरात भाकरी थापल्याचा आवाज बंद झाला, एवढंच.

वर्ष भरत आलं तसा मेहुण्याचा फोन आला. व्यंकटराव, गोदाचा धाकटा भाऊ, चिटगुप्प्याला असतो. रिटायर हेडमास्तर. अजून कुणाशीही बोलताना हातात छडी असल्यासारखा बोलतो.

"दाजी, मी उदगीरची एक भजनी पार्टी ठरवतो. पांढरे कपडे, चांगले गायक, शिस्तीत कार्यक्रम."

"नगं. गोदाचं गाणं हाय. तिचाच साज हाय. मंडळाच्या बाया म्हणतील."

"साज कशावर वाजवणार?"

"कॉम्प्युटरवर."

"दाजी, तुम्हाला विहिरीवरची मोटर चालू करायला माणूस लागतो."

"बालाजी यायलाय हैदराबादहून."

"बघा बुवा. अक्का येणार, सगळं माहेर येणार. एवढंच सांगतो, माझ्या बहिणीचं हसं होऊ देऊ नका."

ते वाक्य बाभळीच्या काट्यासारखं आत गेलं. मी ठरवलं, गोदाचं गाणं असं वाजवायचं की हेडमास्तर जागच्या जागी उठून उभा राहिला पाहिजे! (राहिला. पुढं येतंच.)

बालाजी आला. माळ्यावरून कॉम्प्युटर काढला. आत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं. ते खरवडलं, पुसलं, बटण दाबलं. म्हाताऱ्या बैलासारखा एकदा हंबरला आणि चालू झाला! गोदाचा साज होता तसा आत. कॉम्प्युटर ठेवलेल्या खोक्यात अजून एक कार्ड निघालं, तांबडं. क्लास बंद व्हायच्या जरा आधी बालाजीनं हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेलं, बसवायचं राहून गेलेलं. कॉम्प्युटरात आधीपासून होतं ते हिरवं.

"अप्पा, दोन्ही लावून बघायचं का?"

"गाणं एकच हाय, मग दोन कामून?"

"ह्या साजात आवाज नसतोय अप्पा. नुस्ता हुकूम असतोय. ह्या नंबरचं वाद्य, हा सूर, इतका वेळ. आवाज ज्या त्या कार्डाचा."

"म्हणजे पीठ एक, सुना दोन."

"व्हय. भाकरी दोन तऱ्हेची," बालाजी हळूच म्हणाला. (त्याची बायको आतच होती.)

आधी हिरवं ऐकलं. पेटी म्हणून जे वाजलं ते डालड्याच्या डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखं. मी कान चोळले. मग बालाजीनं पेच काढले, हिरवं उपसलं, तांबडं खोचलं. तीच पेटी सुरू झाली आणि मी उठून दाराकडं बघितलं, पेटी घेऊन कोण आलं म्हणून! भाता ओढल्याचासुद्धा भास झाला.

"हेच. तांबडंच. पेच आवळ."

"अप्पा, ही सुरुवातीची नुस्ती पेटी झाली. पूरं ऐकू की."

"शितावरून भात कळतोय."

"आई काय म्हणायची त्याच्यावर?"

आई म्हणायची, शितावरून भात शिजला का ते कळतंय, तळाला करपला का ते न्हाई. पण ती तसं बरंच काय काय म्हणायची. आणि मला आचाऱ्याला गूळ आणून द्यायचा होता. "आवळ म्हणलं ना पेच!" मी ओरडलो. त्यानं आवळला. बापाचा आवाज चढला की पोरगा ऐकतो, एवढी एकच शिस्त मी घरात लावली होती, आणि ती नेमकी त्या दिवशी उपयोगी पडली!

वर्षश्राद्धाचा दिवस. ओसरीत गोदाचा फोटो, त्याला हार. समोर मंडळाच्या बाया. एका अंगाला माहेरची माणसं, दुसऱ्या अंगाला आचारी आणि हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, पातेलं. कॉम्प्युटरची वायर मंडळाच्या भोंग्याला जोडलेली. गाणार होत्या कलावतीबाई, मंडळाच्या म्होरक्या. त्यांचा एक नेम आहे: लागलेलं भजन अर्ध्यात तोडायचं नाही. एकदा देवळात भजन चालू असताना साप निघाला. बाईनं तोडलं नाही. शेवटी सापच कंटाळून गेला.

बालाजीनं बटण दाबलं. पेटी सुरू झाली. काय पेटी! व्यंकटरावाची मान आपोआप हलायला लागली. "चांगलंय हो दाजी," तो म्हणाला. मी मिशीवरून हात फिरवला. कलावतीबाईंनी गोदाची पहिली ओळ उचलली,

"आलं आलं बोलावणं, देवा, थांब की जरासा,
निवडायचा राहिला माझा तुरीचा पसा..."

आणि 'बोलावणं' म्हणताक्षणी भोंग्यातून टेलिफोन वाजला. जुन्या काळचा, काळा, पोस्टात असायचा तसा. ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग! अर्ध्या ओसरीचे हात खिशात गेले. व्यंकटरावानं आपला फोन कानाला लावला. "हॅलो? हॅलो? मी कार्यक्रमात आहे! कोण बोलतंय?"

गोदाची थोरली बहीण, भालकीची अक्का, तिला कानानं कमी ऐकू येतं. पण हे तिलाही ऐकू आलं. "घ्या की कुणीतरी फोन!" ती ओरडली. "बिचारीनं लांबून लावला असंल!"

मी बालाजीकडं बघितलं. बालाजी कॉम्प्युटरकडं बघायलाय. कलावतीबाई दुसऱ्या कडव्याला लागल्या,

"उडालं पाखरू, बाई, गेलं आभाळाला,
पाणी कोण घालंल आता तुळशीच्या आळ्याला..."

पाखराच्या ओळीला हेलिकॉप्टर आलं. फडफडफडफड! भोंगा थरथरला, फोटोवरचा हार हलला (वाऱ्यानं असेल, पण तेव्हा तसं वाटलं नाही). दोघंजण पळत अंगणात जाऊन डोळ्यांवर हात धरून वर बघायला लागले. "मंत्री आलाय काय?" शेजारचा रानमालक पंगतीच्या जागेवरून उठला, "कुठं उतरायलंय? माझ्या तुरीत उतरू देऊ नगा!"

"बंद कर!" मी बालाजीला खूण केली. त्यानं हात पुढं केला. कलावतीबाईंनी गाता गाताच त्याच्याकडं असं बघितलं की हात परत मांडीवर. सापाचं काय झालं असेल ते मला त्या दिवशी कळलं.

तिसरं कडवं. गोदानं त्यात स्वतःचं नाव घातलं होतं.

"गेली गेली गोदा, मागं काय ते उरलं,
चूल सारवून बाई दार लोटून घेतलं..."

'गेली गेली गोदा' म्हणलं, आणि टाळ्या! दोन-चार माणसांच्या नव्हेत, मोठ्या मैदानातल्या. धो धो टाळ्या, मधूनच शिट्ट्या. बायको गेली म्हणून सांगितलं आणि हजार माणसं खूश झाली! मी फोटोकडं बघायचं टाळलं. बायांची तोंडं सरळ होती, पण पदराखाली खांदे उसळत होते. कलावतीबाईंचा सूर हलला नाही. फक्त नाकाचा शेंडा लाल झाला.

शेवटी ढोलाची एक थाप होती. गोदाच म्हणाली होती, "दार लावल्यासारखी वाजली पायजे." त्या थापेच्या जागी गोळी सुटली.

थाड!

व्यंकटराव जागच्या जागी उठून उभा राहिला. मग पुढच्याच क्षणी तो दिसेनासा झाला. हुग्गीच्या पातेल्यामागं बसला होता. आचाऱ्याचा झारा खाली पडला. पत्र्यावरची कबुतरं उडाली ती संध्याकाळपर्यंत आली नाहीत.

कुणी कुणाकडं बघेना. मी धोतराचा सोगा हातात धरून नुसता उभा. वर्षभर जपलेली एकच गोष्ट होती, तिची अशी माती झाली होती. आणि अक्का सावकाश बोलली,

"पावणं, इवढं केलंव तुमी तिच्यासाठी? फोन लावलाव, इमान आणलंव, टाळ्या वाजवल्याव, बार उडवलाव! जित्तेपणी भालकीच्या जत्रेला न्या म्हणली तर तुमची बस चुकायची!"

पातेल्यामागून आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग व्यंकटराव दिसला, तोंडात रुमाल कोंबलेला, डोळ्यांतून पाणी. मग बाया फुटल्या. कलावतीबाई भिंतीला टेकून हसल्या. आचारी हसला, रानमालक हसला, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्या ओसरीत मीही हसलो. गोदा असती तर सगळ्यात आधी हसली असती, आणि हसता हसता मला शिव्या दिल्या असत्या.

"दाजी," व्यंकटराव रुमाल काढून म्हणाला, "हसं झालं हो! पण बहिणीचं नाही झालं. तुमचं झालं!"

बालाजीनं उलगडा केला. दोन्ही कार्डांत नंबर तेच, पण त्या नंबरांवरची वाद्यं वेगळी. पेटी तेवढी दोन्हीकडं जुळली. हिरव्यात जिथं घंटी, तिथं तांबड्यात टेलिफोन. सगळी असली सोंगं त्यात नेमकी तळाला भरलेली. म्हणजे करपलं होतं ते तळालाच. मीच त्या दिवशी पेटीच्या पुढचं ऐकून घेतलं नव्हतं.

कलावतीबाईंनी पदर सावरला. "भजन तुटलं न्हाई, पन नीट बी झालं न्हाई. लाव रे बालाजी ते हिरवं. परत."

पेच निघाले, कार्ड बदललं. पेटी डब्यातल्या भुंग्यासारखीच वाजली. पण बोलावण्याच्या ओळीला घंटी आली, बारीक, गोदानं तळातून शोधून काढलेली. 'निवडायचा राहिला माझा तुरीचा पसा' म्हणताना कलावतीबाईंचा आवाज जरासा बसला. मी उठलो, मागच्या अंगणात जाऊन तुळशीला पाणी घातलं. सकाळी घातलं होतं. तरी घातलं. आतून शेवटची थाप आली, दार लावल्यासारखी.

पंगती उठल्यावर बालाजी सामान आवरत होता. तांबडं कार्ड त्यानं हातात धरलं.

"अप्पा, हे भंगारात टाकू का?"

"ठेव. माझ्या वर्षश्राद्धाला लागंल."

"तुमच्या? तुमी कुठलं गाणं म्हणायलाव? तुमचा तर सूर बी लागत न्हाई."

"गाणं कशाला पायजे? हयातीत कुणी वाजवल्या न्हाईत. नुस्त्या टाळ्या लाव."