मोठीमायच्या जिभेवरचा रंग

आमच्या घरात कुठलाही नवा पदार्थ आधी मोठीमायच्या जिभेवर जायचा. शेजारणीनं वाटीभर खीर पाठवो, लग्नाघरून बुंदी येवो, नाहीतर डॉक्टरनं खोकल्याचं औषध देवो. ती करंगळी बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची आणि गप्प बसून राहायची. तिनं मान हलवल्याशिवाय घास उचलायची सोय नव्हती. "आदी मी," एवढंच म्हणायची. आळीतल्या बायका तिला चटोर म्हणायच्या, तिच्या तोंडावरसुद्धा. ती हसायची आणि पुढच्या वाटीत करंगळी बुडवायची.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांची मोठी वहिनी. मी नीट बोलायला लागायच्या आधीच माझी आई गेली. वडील अकोल्याला नोकरीला. तेव्हा मला वाढवलं ते मोठीमायनं, अकोटच्या वरच्या अंगाला सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या संत्र्याच्या बागेत. तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. नवराही नव्हता.

मोठेबाबा, म्हणजे तिचे यजमान, कसे गेले, हे तिनं मला एकदाच सांगितलं. धामणगावला कुणाचं तरी लग्न होतं. मांडवामागे पुरुषमंडळी बसली, प्लॅस्टिकच्या बाटलीतून काहीतरी फिरलं. मोठेबाबा रोजचे पिणारे नव्हते, आग्रहाला बळी पडले. घरी येऊन नीट झोपले. सकाळी ती अंगणात सडा टाकत होती, ऊन चांगलं भिंतीवर चढलं होतं, आणि आतून आवाज आला, "दिवस नाई निघाला का व अजून?" ती आत गेली तर ते डोळे सताड उघडे ठेवून छताकडे बघत होते. संध्याकाळपर्यंत खेळ आटोपला. त्या दिवसापासून आमच्या घरात बाटली दिसलेली तिला चालायची नाही. खोकल्याचं औषधसुद्धा ती स्टीलच्या भांड्यात ओतून ठेवायची आणि बाटली गावाबाहेर फेकून यायची.

भित्री होतीच ती, उगाच झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण तिच्या भीतीला हातपाय होते. संत्र्याच्या बागेला पाणी तोडून ताण द्यावा लागतो, तेव्हा कुठे झाड फुलावर येतं. ताण कमी पडला तर फूल नाही आणि जास्त झाला तर झाडच जातं. त्या दिवसांत मोठीमायचा जीव नुसता टांगणीला. पहाटे उठून ओळीओळीनं फिरायची, पानं चुरून बघायची. "तुले एवढं भेव लागते तं दे ना पानी," मी म्हणायची. "भेव असलं का मानूस पाहत रायते," ती म्हणायची. "भेव गेलं का डोया लागते." पाणी मात्र ती वेळ झाल्यावरच सोडायची.

माझं डॉक्टरकीसाठी रशियाशेजारच्या जॉर्जियाला जायचं ठरलं. आमच्याकडची बरीच मुलं जातात आता. मोठीमायनं नकाशा बघितला नाही, फक्त विचारलं, "तठी पानी कोन चाखन तुयासाठी?" मी हसले. विमानात बसल्यावर मात्र मला रडू कोसळलं.

माझी घरमालकीण नातेला नावाची एक विधवा बाई होती. शहरातल्या तिच्या घरात आम्ही दोघी मुली भाड्यानं राहायचो आणि गावाकडे तिचा द्राक्षाचा मळा होता. शरद ऋतूत तोडणीला ती आम्हालाही घेऊन गेली. तिथेच सापेरावीची आणि माझी गाठ पडली. सापेरावी म्हणजे त्या देशाचं मानाचं काळं द्राक्ष. नावाचाच अर्थ रंग देणारा. आपल्याकडच्या काळ्या द्राक्षाची साल काढली तर आत हिरवट गर निघतो, याचा गरही लाल. दिवसभर तोडणी केली आणि माझे हात कोपरापर्यंत जांभळे झाले. साबणानं जाईनात. तसेच हात घेऊन मी हौसेनं मोठीमायला व्हिडिओ कॉल लावला.

तिकडे फोन खाली पडला. थोड्या वेळानं चेहरा दिसला तो पांढराफटक.

"कोनाले कापलं व?"

"द्राक्षं हायेत, मोठीमाय."

"द्राक्ष आतून लाल नसते. मले नोको शिकवू, जनम फयं इकन्यात गेला माया. रंगाचं इंजेक्शन मारलं असन त्यायनं."

मी कॅमेऱ्यासमोर एक मणी चिरडला. लाल रस बोटावरून ओघळला. ती फोनच्या अगदी जवळ येऊन बघत राहिली आणि मग तिनं नेमकं तेच विचारलं, जे मी सांगणार नव्हते. "याचं करते काय थे बाई?"

मी खोटं बोलू शकले नाही. वाइन म्हटलं तर तिला कळलं नसतं, म्हणून दारू म्हटलं. तिनं फोन बंद केला. नंतर वडिलांचा फोन आला, की वहिनी जेवायला तयार नाही, तू परत ये म्हणते.

त्यानंतर ती रोज फोन करायची आणि रोज माझे डोळे बघायची. "भिंतीवर काय लिवलं हाये, वाच." मी मुकाट्यानं वाचून दाखवायची. तिची भीती दूर व्हावी म्हणून मी तिला त्या द्राक्षाचं सगळं दाखवायचं ठरवलं. रस जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मोठ्या मातीच्या रांजणात भरतात, हे दाखवलं, तर ती आणखीच घाबरली. "हे तं पेव हाये!" आमच्याकडे पूर्वी ज्वारी अशीच जमिनीखालच्या पेवात ठेवायचे. पेव उघडलं की आत कोंडलेली हवा माणसाला मारते, म्हणून आधी कंदील सोडून बघायचे, विझला तर उतरायचं नाही. "त्या बाईले सांग, आदी कंदील सोड. तू तं वाकू बी नोको." मी नातेलाला हे सांगितलं. तिनं कपाटातून मेणबत्ती काढून कॅमेऱ्यासमोर धरली. त्या गावातही रांजण धुवायला उतरलेला माणूस वर आला नव्हता. तो नातेलाचा दीर होता. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या, मधे मी आणि माझं मोडकंतोडकं भाषांतर.

थंडीत वेलींवर बर्फ पडलेला बघून मोठीमायनं कपाळाला हात लावला. "मेली बाग. एक पान नाई." वसंतात त्याच काळ्या काड्यांना कोंब फुटले तेव्हा तिनं मला परत परत फोन फिरवायला लावला. "देवानं ताण देल्ला होता म्हना की," ती पुटपुटली. मला वाटलं, आता सगळं मिटलं.

सुट्टीत घरी आले तेव्हा श्रावण सुरू होता. माझी बॅग नेहमीप्रमाणे तिनंच उघडली. स्वेटरच्या गुंडाळीतून पाण्याची प्लॅस्टिकची बाटली निघाली, आत शाईसारखं काळं काहीतरी. नातेलानं मला न सांगता घातलेली भेट. घरच्या सापेरावीची वाइन ते लोक अशाच बाटलीतून देतात, चिठ्ठी नाही, शिक्का नाही. मोठीमायनं ती बाटली उचलली नाही. जागच्या जागी बसली. धामणगावची बाटली अशीच होती.

दुसऱ्या दिवशी माझा पासपोर्ट सापडेना. तो तिनं तुरीच्या डाळीच्या पिंपात पुरून ठेवला होता, आणि ते तिनं लपवलंही नाही. "मले माईत हाये कुठी हाये थो. तू जात नाईस." मी समजावलं, चिडले, रडले. वडील अकोल्याहून आले आणि तिच्यापुढे काही न चालल्यामुळे परत गेले. शिक्षण अर्ध्यावर सुटणार, ही भीती आता मला लागली. विमानाचा दिवस जवळ येत होता. मी उचलून ठेवलेली बाटली माजघरातल्या कोनाड्यात तशीच उभी होती. मोठीमाय ती फेकून का देत नाही, हे मला कळत नव्हतं.

एका दुपारी तिनं मला बांगड्या आणायला अकोटला पिटाळलं. एसटीनं परत आले तेव्हा ती ओट्यावर बसून सातपुड्याकडे टक लावून बघत होती. "आली का?" ती म्हणाली आणि मला तिची जीभ दिसली. गडद जांभळी.

"मोठीमाय! काय पेली तू?"

"आदी मी."

"अवं, श्रावण हाये!"

"महादेवानं जहर पेलं तं श्रावण बाटला काय?" ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "करंगयीनं नाई समजत हे. पेलाभर पेली. त्यायचे डोये दुसऱ्या दिवशी गेल्ते. उद्या सकाई मले दिसलं तं तू जाय. नाई दिसलं तं तुले कोनी धाडनार नाई."

मी डॉक्टरकी शिकणारी मुलगी. द्राक्षाच्या चांगल्या वाइननं डोळे जात नाहीत, हे मला ठाऊक होतं. ती बाटली नातेलाच्या घरची होती, हेही ठाऊक होतं. तरी दवाखान्यात चल म्हणून मी तिच्या हातापाया पडले, ती हलली नाही. दिवेलागणीपर्यंत ती एकेका वस्तूकडे नीट बघत होती. कडुनिंब, पाण्याची टाकी, तुळस, मोठेबाबांचा फोटो. शेवटी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला. मग जेवून झोपून गेली. मी तिच्या श्वासाकडे कान लावून पडून राहिले.

सकाळी ती उठली नाही. उभ्या आयुष्यात माझ्यानंतर कधी न उठलेली बाई डोळे गच्च मिटून पडली होती. जागी होती, कारण तिची बोटं गोधडीचा काठ चुरगाळत होती.

"मोठीमाय, ऊठ."

"दिवस निघाला का व?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भिंतीवर ऊन होतं. "निघाला," मी कशीबशी म्हणाले.

"थांब. मले सोताले पाहू दे."

तिनं डोळे उघडले. छताकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"टिकली सरकली तुयी," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

थोड्या वेळानं डाळीच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून तिनं पासपोर्ट काढला, पदरानं झटकला आणि माझ्या हातात ठेवला. "आता तुयी मर्जी," ती म्हणाली. "प्याची तं पी, नाई तं नोको पिऊ. पन त्या बाईच्याच घरची." उरलेली बाटली तिनं तुळशीपासून लांब, संत्र्याच्या बुडाशी ओतली. पावसानं उघडीप दिली होती, मातीवरचा तो काळा डाग मी निघेपर्यंत तसाच होता.

अकोल्याच्या स्टेशनवर ती मला सोडायला आली. गाडी हलली तरी हात वगैरे हलवला नाही. नुसती बघत उभी राहिली, डोळे मोठे करून.

शेवटच्या वर्षाला असताना वडिलांचा फोन आला. बागेला ताण सुरू होता, मोठीमाय पहाटे ओळीतून फिरून आली, चहा ठेवला आणि तिथेच बसल्या जागी गेली. परीक्षा तोंडावर होती, मी पोचूही शकले नाही. नातेलानं काही न विचारता मला गावी नेलं. वसंत होता, रांजण उघडायचे दिवस. तिनं आधी मेणबत्ती खाली धरून बघितली. मग पहिला पेला काढला आणि पावाच्या तुकड्यावर ओतला. गेलेल्या माणसाच्या नावानं तिकडे असं करतात. पाव क्षणात जांभळा झाला. मोठीमायची सवय माझ्याकडून ऐकलेली नातेला म्हणाली, "आधी ती."

दुसरा पेला तिनं माझ्यासमोर ठेवला. इतकी वर्षं मी ती वाइन ओठाला लावली नव्हती. मुभा मिळूनही हिंमत झाली नव्हती. त्या दिवशी मी पेला संपवला. तुरट, आंबट, जड चव, आणि घशात कितीतरी वेळ रेंगाळणारी.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली आणि डोळे उघडेनात. म्हणजे माझीच छाती होईना. बाहेर कोंबडा आरवत होता, नातेलाची भांडी वाजत होती, आणि मी परक्या देशातल्या गोधडीचा काठ मुठीत धरून पडले होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग मी डोळे उघडले. खिडकीतून ऊन सरळ भिंतीवर आलं होतं.

"दिवस निघाला, मोठीमाय," मी मोठ्यानं म्हणाले.