सहाच्या सुमाराची भूक

सकाळी मला भूक लागत नाही. दुपारी शाळेत डबा उघडला काय नि नाही काय, सारखंच. पण संध्याकाळचे सहा वाजले की माझ्या अंगात काय शिरतं कोण जाणे. चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत हवं, खारट हवं, तळलेलं असेल तर देवच पावला. आमच्या घरी याला खाणं म्हणतच नाहीत, ‘तोंडात टाकायला’ म्हणतात. तोंडात टाकलेलं पोटात जातं आणि तिथून कमरेवर बसतं, हे पन्नाशी उलटेपर्यंत मी मनावर घेतलं नव्हतं. कशाला घेऊ? माझं मी खात होते, कुणाच्या बापाचं काय जात होतं?

मग माझ्या धाकट्या बहिणीच्या दोन्ही किडन्या गेल्या.

ती तलासरीला दिलेली. हायवेच्या जवळच तिच्या नवऱ्याचं फरसाणचं दुकान, मागे घर. मी डहाणूला, सरावलीच्या शाळेत मास्तरीण. एक दिवसाआड तिला वापीला डायलिसिसला न्यावं लागायचं आणि ती परत यायची ती पिळून टाकलेल्या फडक्यासारखी. आम्ही दोघीच बहिणी, आईवडील केव्हाच गेलेले. किडनी द्यायची तर मीच. तपासण्या झाल्या, सगळं जुळलं, मी तर आनंदाने डोळे पुसले. तेव्हा मुंबईचे डॉक्टर म्हणाले, “किडनी उत्तम आहे. पण बाई, तुम्ही आधी वजन उतरवा. एवढ्या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही.”

म्हणजे बहिणीचा जीव माझ्या संध्याकाळच्या चहापाशी येऊन अडकला. हसू नका. मला तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

आहाराचं सांगणाऱ्या बाई होत्या तिथे एक, काडीसारख्या. “संध्याकाळी भूक लागली की मूठभर मखाणे खा, नाहीतर पाणी प्या,” म्हणाल्या. मी मखाणे आणले. खाल्ले. कापूस चावल्यासारखं वाटलं. शाळेतल्या बायकांनी आपापली अक्कल पाजळली. कुणी म्हणे साडेपाचलाच दात घासून टाका, कुणी म्हणे काकडी, कुणी म्हणे समुद्रावर चालायला जा. समुद्रावर गेले, तर तिथे भजी तळत होते! घरातले शेवेचे नि चकलीचे डबे शेजारणीला देऊन टाकले. मग रिकामे डबे उघडून वास घेत उभी राहायचे. सरावलीहून येताना रिक्षा स्टेशन रोडला वळली की मी तोंड दुसरीकडे करायचे. तिकडेही समोसेच असायचे. आपलं गाव एवढं खादाड आहे हे मला त्याच वर्षी कळलं.

ही भूक आजची नाही, लहानपणापासूनची. आई सुकी मासळी विकायची. दिवसभर बाजारात बसून संध्याकाळी घरी आली की चूल पेटवायची आणि भात शिजेपर्यंत आम्हा दोघींना निखाऱ्यावर एकेक सुका बोंबील भाजून द्यायची. बहीण आपला पटकन संपवायची आणि माझ्या हाताकडे बघत बसायची. मग मी शेपटाकडचा करपलेला तुकडा तिला तोडून द्यायचे, कारण तो तिला फार आवडायचा. सहा वाजले की अजून मला काहीतरी मोडून खावंसं वाटतं. त्याला मखाणे काय करणार?

शाळा सुटली की दर बुधवारी आणि शनिवारी मी एसटीने तलासरीला जायचे. पोचेपर्यंत नेमके सहा. पुढे दुकानात पापडीचा घाणा पडलेला असायचा, मागच्या खोलीत बहीण पलंगावर. आणि मी बसले रे बसले की ती सासूला हाक मारायची, “ताई आली, ताईला आणा काहीतरी.” तिला स्वतःला मीठ बंद, पाणी मोजून, घोलवडचे चिकूसुद्धा बंद. आणि ही बया माझ्यापुढे गरम पापडी, तळलेली मिरची, कच्च्या पपईचा परतलेला कीस मांडायची.

“अगं, मला चालत नाही.”

“एवढंसं खा गं. मला कुठे खायचंय? तू खा, मी बघते.”

ती खरंच बघत बसायची. मी पापडी मोडली की तिचे ओठ हलायचे. आता सांगा, उठून जायचं का तिथून? मी खायचे. खाऊन एसटीत बसले की स्वतःला शिव्या घालायचे. आठवडाभर काकड्या चघळून उतरवलेलं वजन ती दोन संध्याकाळी परत चढवायची.

एकदा माझं डोकंच फिरलं. मी ताटली ढकलली आणि ओरडले, “तुला जगायचंय की नाही, बाय? मी इथे घासाघासाला जीव मारतेय आणि तू मला चारतेस?” सासू पुढे दुकानात पळाली. बहिणीने ताटली जवळ ओढली. म्हणाली, “दिवसभर सगळे माझ्याकडे बघतात. कुणाला तरी खाताना मला बघावंसं वाटतं.” मग आम्ही दोघीही रडलो. शेवटी ठरलं की मी यायचं, पण दोघींनी एकच खायचं, ते म्हणजे बिनमिठाचे कुरमुरे. असले बेचव कुरमुरे कुणी कुत्र्यालाही घालणार नाही. पण दोघी मिळून नावं ठेवत खाल्ले की जायचे पोटात.

तिथून काटा उतरायला लागला. ब्लाऊज सैल झाले. शाळेतले हेडमास्तर म्हणाले, “बाई, तब्येत बरी आहे ना?” मी म्हटलं, “एवढी बरी कधीच नव्हती.” आणि बहीणही सुधारली, असं मला वाटलं. म्हणजे पथ्याच्या बाबतीत. सासूने चुकून बशीत गाठिये आणले तर तीच म्हणायची, “न्या ते आधी. ताईला नका दाखवू.” मला केवढा अभिमान वाटला! म्हटलं, आता हिला जगायची इच्छा झाली.

एका शनिवारी मी आत शिरले तर ती फोनवर होती. वापीला तिच्या शेजारच्या खाटेवर डायलिसिसला एक गुजराती बाई असायची, तिच्याशी. माझ्याकडे तिची पाठ होती. ती म्हणत होती, “हवे झाझुं नथी वध्युं, बेन.”

मी दारातच खूश झाले. डहाणूत जन्म गेला, गुजराती कानावरून काय कमी गेलंय? पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात वजनाशिवाय दुसरं काही नव्हतं. वध्युं म्हणजे वाढलं. ही माझंच सांगतेय, ताईचं आता फारसं वाढलेलं नाही. मी आत जाऊन तिच्या पाठीवर थाप मारली, “सांग सांग, सगळ्या वापीला सांग!” तिने दचकून फोन ठेवला. मग हसली. कुरमुऱ्यांची बशी माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, दोनेक किलोच राहिलेत, बाय, पुढच्या महिन्यात मुंबई. ती हो म्हणाली.

त्यानंतरच्या बुधवारी एसटीला उशीर झाला. मी पोचले तेव्हा तिचा नवरा दुकानाची आवराआवर करत होता. दुकानात बसला की त्याची भाषा गुजरातीच, घरच्यांशीसुद्धा. त्याने आईला विचारलं, “चवाणुं केटलुं वध्युं?” सासूने फरसाणाची परात कलती करून दाखवली. तळाला थोडंसं होतं. “झाझुं नथी वध्युं,” म्हणाली.

मी पायरीवर उभी होते, तशीच राहिले. वध्युं म्हणजे उरलं, असंही होतं. हे काय मला माहीत नव्हतं? बाजारात रोज ऐकते मी हे. आता फारसं उरलेलं नाही, असं म्हणाली होती ती त्या बाईला.

आत जाऊन मी तिला सरळ विचारलं. आडवळणाने विचारणं मला कधी जमलंच नाही. तिने आधी दार लोटून घ्यायला सांगितलं. मग म्हणाली की हृदय कमजोर झालंय, ऑपरेशन झेपणार नाही, आता किडनी बसवणार नाहीत असं डॉक्टरांनी तिला आणि नवऱ्याला सांगून महिना होत आला. मला सांगायचं नाही अशी तिने नवऱ्याला शपथ घातली होती. तो बिचारा म्हणूनच माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

माझा संताप संताप झाला. “आणि मला उपाशी ठेवलंस? महिनाभर? ते घाणेरडे कुरमुरे चारलेस?”

“तू थांबू नकोस ना, ताई,” ती म्हणाली. हात धरला माझा. तिचा हात थंड होता आणि सुजलेला. “तू सहा वाजता तिकडे भूक मारून बसतेस ना, ते मला इथे पडल्या पडल्या आठवतं. वाटतं, अजून काहीतरी चाललंय माझ्यासाठी. तू खायला लागलीस की संपलंच म्हणायचं.”

मी बशी ओढली आणि कुरमुरे खायला लागले. ती बघत बसली.

त्यानंतर मी पथ्य सोडलं नाही. उलट जास्तच कडक केलं. कुणाला सांगितलं असतं तर वेडी म्हणाले असते. आता ना डॉक्टर होता, ना मुंबई, ना कुणाला माझ्या किलोंशी देणंघेणं. तरी सहा वाजले की मी कोमट पाण्याचा पेला घेऊन ओटीवर बसायचे आणि तिला फोन करायचे. ती विचारायची, “काय खाल्लंस?” मी म्हणायचे, “काही नाही.” “खूप भूक लागलीये?” “मरतेय नुसती.” तिकडून ती हसायची. खोटं एकदाही बोलले नाही मी. खाऊन ‘नाही खाल्लं’ म्हणणं किती सोपं होतं! पण नाही जमलं. पोटात कावळे कोकलत असायचे आणि मला वाटायचं, ओरडा मेल्यांनो, तेवढंच तिला ऐकू जाऊ दे. आणि कधीकधी, वेडच ते, मला खरंच वाटायचं की डॉक्टरांचं चुकलं असेल, परत बोलावतील, आणि मी तयार असले पाहिजे.

ती गेली त्या दिवशी सकाळी तिला डायलिसिसला न्यायचं होतं. गाडी दारात आली होती. नेलं ते दुपारी, दुसऱ्या वाटेने.

स्मशानातून पुरुष परत आले, आंघोळी झाल्या. दुकान बंद होतं, पण तेलाचा वास भिंतींतून कुठे जातो? संध्याकाळी शेजारची बाई कडू घास घेऊन आली. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणतात, आणि रडणाऱ्यांनी दोन घास गिळायचे असतात. खिचडी होती, कढी होती. ताटं मांडली. सगळे खाली मान घालून बसले. ती बाई वाढत वाढत माझ्यापर्यंत आली तशी सासू सवयीने म्हणाली, “ताईंना थोडंच घाला हां, त्यांचं—”

वाढणारीचा हात वरच राहिला. बहिणीचा नवरा भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

सहा वाजून गेले होते. मला भूक लागली होती, रोज लागते तशीच, त्यात काडीचा फरक नव्हता. मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, “घाला. भरपूर घाला.”