चौघींचं एकच उत्तर

मी येरवड्याची. कोथरूडच्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवते, तिथं पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "आतल्या की बाहेरच्या?" तुरुंगामुळे आम्हा येरवडेकरांना हे ऐकून घ्यावंच लागतं. मी म्हटलं, "बाहेरचीच. अजून तरी." त्या दिवसापासून आमचं बरं जमतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आधी इंग्रजी घेऊन बी.ए., मग बी.एड. हे मी विचारलं नाही तरी सांगते आणि सांगताना आवाज खाली आणत नाही. बी.एड.ला असताना माझी पाठ टाचणाची वही सगळ्या वर्गात फिरायची. तास कसा घ्यायचा याचा आराखडा त्यात लिहायचा असतो. सुरुवात कशी करायची, फळ्यावर काय लिहायचं, कोणता प्रश्न कधी विचारायचा, सगळं. शेवटच्या रकान्यात विद्यार्थ्यांकडून अपेक्षित उत्तर. म्हणजे मुलं अजून वर्गात यायची असायची आणि ती काय बोलणार ते मी आदल्या दिवशीच लिहून मोकळी.

शनिवार-रविवारी दुपारी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये मी बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. सात-आठजणी येतात. बहुतेक विमाननगर, खराडीच्या कंपन्यांमध्ये हाउसकीपिंगला आहेत. त्यांच्यात एक मावशी. नात्यातल्या नाहीत, आमच्या मागच्या गल्लीतल्या. मी शाळेत जाताना माझ्या वेण्या घट्ट घालून देणाऱ्या. वर्गात त्या मला मॅडम म्हणतात आणि हॉलच्या पायऱ्या उतरल्या की 'पोरी'.

मावशी अकरा वर्षं एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर काम करत होत्या. एवढ्या वर्षांत पाच सुपरवायझर आल्या नि गेल्या. प्रत्येकीला मजला मावशींनीच समजावून दिला. कोणत्या नळाला पाणी उशिरा येतं, कोणत्या मीटिंगरूममध्ये हमखास कॉफी सांडते, असलं सगळं. गेल्या वर्षी सहाव्या सुपरवायझरची जागा निघाली, तेव्हा मावशी वर्गात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मॅडम, ही जागा मला पायजे. गुडघा आता बसू देईना. आन् दर वेळी पोरीबाळींना शिकवायचं आन् त्यांनीच मला हुकूम सोडायचा, कंटाळा आला." मुलाखत इंग्रजीत होणार होती. त्याच इमारतीत काम करणाऱ्या वर्गातल्या आणखी तिघींनीही अर्ज केला. जागा एकच. तरी चौघींची तयारी एकत्रच करायचं ठरलं.

मी कामाला लागले. बारा प्रश्न काढले, बारा उत्तरं लिहिली. स्वतःबद्दल सांगा, तुमचे गुण सांगा, दोष सांगा, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता. फळ्यावर उतरवलं, चौघींनी वहीत उतरवून घेतलं, आणि दोन आठवडे हॉलमध्ये एकच गजर चालला. 'माय स्ट्रेंग्थ इज पंक्च्युॲलिटी. माय वीकनेस इज, आय ॲम अ परफेक्शनिस्ट.' मावशींना शेवटचा शब्द जिभेवर बसेना, म्हणून त्या भांडी घासताना म्हणायच्या. त्यांच्या घरावरून जाताना मला ऐकू यायचं आणि मनात म्हणायची, वा.

मुलाखत बुधवारी झाली. गुरुवारी संध्याकाळी मी शाळेतून आले तर मावशी आमच्या ओट्यावर बसलेल्या. आईनं दिलेला चहा तसाच.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? मी शेवटची गेले. ती एचआरवाली पोरगी बसलेली, चांगली होती बोलायला. तिनं इचारलं, वीकनेस काय. मी तोंड उघडलं, माय वीकनेस इज. तर फुडचं तीच म्हनली."

"म्हणजे?"

"आय ॲम अ परफेक्शनिस्ट. माझं वाक्य तिनंच पुरं केलं, बाई. आन् हसली. माझ्या आधी तिघी तेच म्हनून गेल्या ना."

आईला हसू आवरेना. मला मात्र कानशिलं तापल्यासारखं झालं. मी पहिलं काय विचारलं असेल? "पण उत्तर बरोबर होतं ना?"

मावशींनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "बरोबर होतं गं. पर ते माझं न्हवतं, एवढं तिला कळलं."

त्या एचआरच्या बाईंनी चौघींना सोमवारी पुन्हा बोलावलं होतं. या वेळी आपलं आपलं बोला, पाठ करून येऊ नका, असं हिंदीत बजावून. म्हणजे माझ्या हातात शनिवार आणि रविवार.

त्या रात्री मी जरा फुरंगटूनच होते. खरं सांगायचं तर मला दुसरी रीत येतच नव्हती. माझ्या घरी इंग्रजी कानावर पडायची सोय नव्हती. मी ते गाईडमधून उचललं, निबंधच्या निबंध पाठ केले, आणि पाठ केलं म्हणून पास झाले. शाळेतल्या माझ्या मुलाखतीतही मी घोकलेलंच बोलले होते. फक्त माझ्या आधी तेच बोलून गेलेलं कुणी नव्हतं. ज्या रस्त्यानं मी वर आले, त्याच रस्त्यानं मी त्यांना नेत होते. त्यात मला वाईट काय ते दिसत नव्हतं. दिसलं ते मावशींचा चहा तसाच राहिला म्हणून.

शनिवारी मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. विहाराची बादली, मॉप आणि दोन-चार फडकी मध्ये आणून ठेवली.

"मावशी, मी आज नवीन मुलगी. पहिला दिवस. मला मराठी येत नाही. काम समजावून सांगा."

बाकीच्या तिघी खुसखुसल्या. एक म्हणाली, "मॅडम, हॉल पुसून घ्यायचा असंल तर सरळ सांगा की."

मावशी उठल्या. मॉप हातात आल्यावर त्यांचे खांदेच बदलले. "फर्स्ट ड्राय. देन वेट. नो वेट फर्स्ट." मग फडकी उचलली. "रेड क्लॉथ, टॉयलेट. ब्लू क्लॉथ, टेबल. रेड ऑन टेबल, आय अँग्री." मी मॉप घेतला आणि मुद्दाम पुढे पुढे पुसत गेले. "नो नो नो! यू गो बॅक, बॅक. यू वॉक ऑन क्लीन, व्हाय?" पुसलेल्या फरशीवर पाऊल पडू नये म्हणून मागे मागे सरकत यायचं, हे त्यांनी मला अर्ध्या मिनिटात शिकवलं. एवढ्या महिन्यांत त्यांच्या तोंडून एका दमात इतकं इंग्रजी मी ऐकलं नव्हतं.

माझं काम आता वेगळंच होऊन बसलं. त्यांच्या वाक्यांत चुका होत्या, आणि चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. मी जिभेला आवर घातला आणि प्रत्येक वाक्याला मनात एकच प्रश्न विचारला. ऐकणाऱ्याला कळलं का? कळलं असेल तर सोडून द्यायचं. नसेल तरच थांबवायचं. त्या दुपारी मी मावशींना तीन ठिकाणी थांबवलं. बाकी त्यांचं त्यांच्याकडेच ठेवलं.

मग राहिलेल्या तिघी. इथं मला कळलं की मी दोन आठवडे चौघींना एक बाई समजून शिकवत होते. एक पॅन्ट्रीत काम करायची, तिला पाहुण्यांशी काय बोलायचं ते येत होतं. दुसरी सामानाची मागणी द्यायची, तिला आकडे आणि वस्तूंची नावं तोंडपाठ. सगळ्यात धाकटीला काम यायचं, पण कुणी प्रश्न विचारला की ती आधी वहीकडे बघायची. ती सवय मीच लावलेली. रविवारी मी चौघींसाठी चार वेगळी पानं केली. पानावर उत्तर नाही, फक्त प्रश्न, आणि तोही त्यांच्या मजल्यावरचा. पाणी गेलं तर? साहेब चिडले तर? फरशी ओली असताना कुणी घसरलं तर?

"आन् यातलं काय इचारलंच न्हाई तर?" मावशींनी विचारलं.

"तर तुम्हाला माहीत असेल ते सांगा."

म्हटलं खरं, पण सोमवारी शाळेत माझं लक्ष नव्हतं. सहावीच्या वर्गात एकच धडा दोनदा वाचून दाखवला. मुलांनी सांगितलं नाही. ऐकत बसली.

चार वाजता फोन आला. मावशी बसस्टॉपवर होत्या. मागे हॉर्न वाजत होते.

"मिळालं का?"

"ऐक तर. तिनं इचारलं, एक मुलगी रोज उशिरा येती, तू काय करशील."

हा प्रश्न माझ्या बारांत नव्हता, चार पानांतही नव्हता.

"मग?"

"मी म्हनलं, फर्स्ट, आय क्लीन हर एरिया. देन आय आस्क व्हाय. हाउस प्रॉब्लेम, आय हेल्प. स्लीप प्रॉब्लेम, आय शाउट."

"आणि ती?"

"हसली. पर कालच्या सारखी न्हाई." बुधवार त्यांना काल वाटत होता. "म्हनली, फर्स्ट तारखेपासून या. मग मीच इचारलं, व्हिच शिफ्ट?"

मी फोन धरून शाळेच्या जिन्यात उभी होते. व्हिच शिफ्ट. तो प्रश्न त्यांना कुणी दिलेला नव्हता. मी एवढंच म्हटलं, "अभिनंदन, मॅडम." पलीकडून उत्तर आलं, "गप गं."

पुढच्या शनिवारी वर्गाला चौघी येतील की नाही, ही धास्ती होती. जागा एकीला मिळालेली, तिघींना नाही. तीन वाजता दोघी आल्या, मग मावशी. धाकटी सव्वातीनला आली आणि दाराशीच चप्पल काढता काढता म्हणाली, "आता मावशी आमच्यावर इंग्रजीत ओरडणार."

"मराठीतच वरडीन," मावशी म्हणाल्या. "तुला कळाया पायजे ना."

सगळ्या हसल्या. धाकटीही हसली, पण थोडंच. मी तिला विचारलं, सोमवारी तुला काय विचारलं होतं?

"ही जागा तुला का हवी, असं."

"तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही. वही नव्हती ना."

मावशींनी आपली चटई तिच्या बाजूला सरकवली.

"मग खरंच का हवी होती?" मी विचारलं. "मराठीत सांग आधी. घाई नाही."

तिनं चटईवर मांडी घातली. मग सांगायला लागली.