बादलीचा विनोद

पाणकावळा हे काही कुणाचं पाळण्यातलं नाव नसतं, पण दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली तर हा गडी वळूनसुद्धा पाहत नसे. अंगाने सडपातळ, मान लांब, रंग उन्हाने करपलेला, आणि दिवसातला निम्मा वेळ पाण्याखाली. लोकांनी दुसरं म्हणावं तरी काय? पाठीवर हवेचा सिलिंडर बांधायचा, तोंडात नळी धरायची आणि हौशी पाहुण्यांना खाली नेऊन, मासे दाखवून, सुखरूप वर आणायचं हा त्याचा धंदा. दुकान धक्क्याला लागूनच. पुढच्या खोलीत पाहुण्यांचा बाक, मध्ये एक पडदा, पडद्यामागे गोड्या पाण्याची टाकी आणि दोरीवर ओळीने टांगलेले रबरी सूट. पडद्याच्या पुढे त्याचं राज्य, मागे बायकोचं. पाहुणे खारट होऊन परत आले की सूट, मास्क, नळ्या विसळायच्या, वाळवायच्या, उसवलं असेल तिथे टाका घालायचा, हे सगळं ती बघायची.

पाण्यात शिरण्याआधी पाहुण्यांना बाकावर बसवून सूचना द्याव्या लागतात. नव्या माणसाचे हातपाय तिथेच गार पडतात. त्यावर पाणकावळ्याने एक रामबाण इलाज काढला होता. पडद्याकडे मान करून तो म्हणायचा, आमच्या घरी बघा, जन्म समुद्राकाठी काढला, पण बादलीत पाय बुडवायचा तर आधी काठी घालून खोली मोजते. की अख्खा बाक हसून हलायचा. हसलेला माणूस श्वास मोकळा घेतो, आणि पाण्याखाली सगळा खेळ श्वासाचा. म्हणजे विनोद नव्हेच तो, औषध होतं. दर हंगामात त्यात थोडी भर पडे. पुढे पुढे तर विनोदातली बायको डबक्याला वळसा घालून बाजाराला जाऊ लागली.

बायको मात्र घाबरट कधीच नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती म्हणाली होती, मला एकदा खाली न्या. तो म्हणाला, पुढच्या खेपेला नक्की. पुढच्या खेपेला होडी पाहुण्यांनी भरलेली. त्याच्या पुढच्या खेपेलाही. मग कुणीतरी विचारलं, वहिनी नाही येत? तेव्हा काहीतरी सांगायचं म्हणून हा बादलीचा विनोद तोंडातून निघाला, आणि इतका चालला की खरं कारण काय होतं ते सांगणाराच विसरून गेला.

एका सकाळी पाहुण्यांचा निरोप आला की गाडी बंद पडली, आज येत नाही. समुद्र नेमका इस्त्री केल्यासारखा. पाणकावळा चुकचुकत बसला होता, तेवढ्यात पडदा सरकला. हात पुसत बायको पुढे आली.

"जागा रिकामी आहे ना? मग मी येते."

"तू?"

"का? बादली आणू?"

त्याने मागे वळून पडद्याकडे पाहिलं. पडदा कापडाचा असतो, भिंत नसते, ही गोष्ट इतक्या वर्षांत त्याच्या डोक्यात आली नव्हती.

मग त्याने बेत आखायला घेतला. होडी नको, किनाऱ्यावरूनच चालत आत शिरू. दोन खडकांमधली ती लहानशी खाडी धरू. दोन पुरुष खोल पाणी, खाली स्वच्छ वाळू. भरती संपली की ओहोटी लागेपर्यंत पाणी घटकाभर स्तब्ध असतं, तेव्हा उतरू. घाई करायची नाही, लांब जायचं नाही, हवा निम्म्यावर आली की मागे फिरायचं. बेत चांगला होता. पण मनात टोचणी लागली की माणसाला कुठे थांबावं ते कळत नाही. त्याने वर दोरी बांधली, दोरीला तरंगता फुगा लावला, दोन पुरुषांचं पाणी दीड पुरुष केलं, मग गळ्याइतकं केलं. बायको म्हणाली, अजून थोडं आखा, म्हणजे आपण मागच्या टाकीतच बुडी मारू.

सूट शोधायला तो पडद्यामागे गेला, पण तिच्या मापाचा कुठला हे त्याला ठाऊक नव्हतं. ती सरळ दोरीच्या टोकाशी गेली आणि शेवटचा सूट काढला.

"त्याची चेन बिघडलीय," तो म्हणाला. हे तिनेच त्याला कधीकाळी सांगितलं होतं, म्हणून तो सूट कधी कुणा पाहुण्याला दिला गेला नव्हता.

तिने सूट अंगात चढवला आणि पाठीवरची दोरी ओढली. चेन सर्रकन मानेपर्यंत गेली. मेण लावून लावून ती लोण्यासारखी झाली होती. रोज त्या सुटाखालून वाकून तो टाकीकडे जायचा. एकदाही त्याने ती चेन ओढून पाहिली नव्हती.

खाडीवर पोचल्यावर ती खडकावर बसली आणि म्हणाली, सगळं पाहुण्यांना सांगता तसंच सांगा, गाळू नका. त्याने सांगायला घेतलं. श्वास कधी कोंडायचा नाही. कान दुखले तर नाक चिमटीत धरून फुंकायचं. मास्कमध्ये पाणी आलं तर वरची कड दाबून नाकाने श्वास सोडायचा. खाली बोलता येत नाही, हातांनी बोलायचं. बोट आणि अंगठ्याचा गोल म्हणजे ठीक. अंगठा वर म्हणजे झकास नव्हे, वर चला. तळवा डुगडुगवला म्हणजे काहीतरी बिनसलंय, आणि मग कुठे बिनसलंय तिथे बोट दाखवायचं. इथवर जीभ आपली सवयीने धावली, आणि मग अडखळली.

बायकोने थोडी वाट पाहिली. "थांबलात का? इथे विनोद असतो."

"खोटं होतं गं ते," तो म्हणाला.

"ते मला सांगता? मी घाबरत नाही हे मला ठाऊक आहे. पण आपली लेक म्हणते, 'मी आईवर गेलेय', आणि गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाही. आधी तिला सांगा. मग मी पाण्यात पाय घालते, काठी न घालता."

लेक दूरच्या शहरात नोकरीला. सगळी सहकारी पोरं पोहायला निघाली की ही काठावर कपडे सांभाळत बसायची, आणि ती गंमत बापाला फोनवर सांगायची. बाप हसायचा. त्याने फोन लावला. आधी हवेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, घरमालकिणीचंसुद्धा विचारलं. बायको समोर बसलेली, नजर काढायला तयार नाही. शेवटी त्याने सगळं सांगितलं, पहिल्या उन्हाळ्यापासून चेनपर्यंत.

"मग मी कुणावर गेलेय, बाबा?" लेकीने विचारलं.

मग लगेच ती म्हणाली, कामावर आहे, नंतर बोलते, आणि फोन ठेवला. रागावली की रडली, हे कळायला काही मार्ग नव्हता.

मग दोघं उतरली. कमरेएवढ्या पाण्यात त्याने तिच्याकडून मास्कचा सराव करून घेतला, तिचे पट्टे तपासले; तिने त्याचे तपासले, आणि त्याचा एक सैल निघाला. खाली ऊन वाळूवर जाळीसारखं हलत होतं. एक चपटा मासा वाळूतून उठला आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा वाळू झाला. ती हात पसरून नुसती बघत राहिली. पाणकावळ्याला मासे दिसत नव्हते. तो तिच्या हवेचा काटा बघायचा, तिचे बुडबुडे बघायचा, पुन्हा काटा. इतकी वर्षं हे तिला रोज दाखवता आलं असतं, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

ती वळली. पाहुण्याला वाटाड्याने विचारायचं असतं, इथे उलटंच झालं. बोट आणि अंगठ्याचा गोल करून तिने त्याला विचारलं, ठीक?

खोटा गोल करणं सोपं होतं. पण त्याचा तळवा आपोआप डुगडुगला. बिनसलंय.

तिने लगेच त्याचा काटा पाहिला, मग कानाकडे बोट केलं. त्याने नकारार्थी मान हलवली. छाती? नाही. मग कुठे? पाणकावळ्याने जरा विचार केला, बोट उचललं आणि आपल्या तोंडावर ठेवलं.

तिला हसू फुटलं. गाल हलले, मास्कची कड सुटली, आत डोळ्यांपर्यंत पाणी भरलं. तो घाबरून पुढे झेपावला. तिने एका हाताने त्याला अडवलं, दुसऱ्याने वरची कड दाबली, नाकाने शांतपणे श्वास सोडला आणि मास्क रिकामा केला. मग त्याचा हात धरला आणि वाळूत दडलेला तो चपटा मासा शोधायला त्याला ओढत पुढे निघाली.